क्लब रेसिंगसाठी जुनी एस्टीम की नवी टर्बो? कोल्हापुरात बसून मांडायचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात राहणाऱ्या, कार्टिंग आणि थोडेफार ट्रॅक डे (रेस न लावता आपली गाडी ट्रॅकवर पळवायचे दिवस) केलेल्या माणसाला आता हौशी क्लब रेसिंगमध्ये उतरायचं आहे. गाडीसकट बजेट सहा लाख. एका बाजूला २००४-०५ची मारुती एस्टीम, दुसऱ्या बाजूला सेकंडहँड फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआय मॅन्युअल किंवा मारुती बलेनो आरएस, दोन्ही टर्बो पेट्रोल. आठवड्याला ऑफिसलाही नेता आली तर बरं, अशी एक जोडअट.

त्या जोडअटीपासूनच सुरू करू, कारण सगळा घोळ तिथे आहे. चाकाला चाक भिडवून रेस करायची असेल तर जुनी एस्टीम घ्या आणि ती फक्त ट्रॅकसाठी ठेवा. वर्षातून तीन-चार ट्रॅक डे करायचे आणि त्याच गाडीने घरी यायचं असेल तर नवी घ्या, पण तिच्यात पिंजरा, म्हणजे पलटीत ड्रायव्हरला वाचवणारा पाइपांचा रोल केज, टाकू नका. एकाच गाडीत दोन्ही बसवायला गेलात की ती ट्रॅकवर जड होते आणि रस्त्यावर धोक्याची. रोल केजचा पाइप डोक्यापासून वीतभर अंतरावर असतो. हेल्मेट आणि पाच-सहा पट्ट्यांचा बेल्ट असेल तेव्हाच तो जीव वाचवतो. साध्या बेल्टवर, हेल्मेटशिवाय रंकाळ्यावर फिरताना मागून कुणी धडकलं तर तोच पाइप डोकं फोडतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीत नसलेले असले बदल चालवून घेत नाही, ते वेगळंच.

आता ताकदीचं. नवी गाडी जोरात पळते हे खरं, पण कागदावर वाटतं तेवढा फरक नाही. एस्टीम एमपीएफआयचं (फ्युएल इंजेक्शनवालं) १२९८ सीसी इंजिन ८५ बीएचपीचं, गाडी पावणेनऊशे किलोच्या आसपास. मागची सीट, कार्पेट, एसी, डांबरी शीट काढून केज टाकला की ८२० पर्यंत येते. ७५ किलोचा ड्रायव्हर धरून टनामागे साधारण ९५ बीएचपी. पोलो १.० टीएसआय ११० पीएस (पीएस म्हणजे जवळपास बीएचपीच), वजन १०७० च्या घरात. ड्रायव्हरसकट तेच ९५-९६. बलेनो आरएस १०२ पीएस आणि ९५० किलो, म्हणजे ती किंचित पुढे. खरा फरक टॉर्कचा. पोलोचं १७५ न्यूटन-मीटर खालच्या आरपीएमलाच मिळतं, एस्टीमचं जेमतेम ११० आणि तेही इंजिन फिरवत ठेवलं तर. त्यामुळे कोपऱ्यातून चुकीच्या गिअरमध्ये बाहेर पडलात तर पोलो सांभाळून घेते, एस्टीम तिथेच शिक्षा देते. शिकणाऱ्यासाठी दुसरी गोष्ट जास्त कामाची, असं माझं स्पष्ट मत आहे.

वजनाचा खरा हिशेब ब्रेकवर निघतो. ताशी १५० वरून ७० वर यायला ८९५ किलोच्या एस्टीमला सुमारे ६१० किलोज्यूल उष्णता डिस्कमध्ये ओतावी लागते. ११४५ किलोच्या पोलोला सुमारे ७८०. म्हणजे प्रत्येक ब्रेकिंगला २८ टक्के जास्त, आणि कोईम्बतूरच्या कारी ट्रॅकसारख्या आखूड, दोन किलोमीटरच्या ट्रॅकवर डिस्कला गार व्हायला सरळ रस्ता मिळतो कुठे? कंपनीचे पॅड असलेली नवी गाडी चौथ्या-पाचव्या लॅपला पेडल लांब करू लागते ती यामुळे. पेडल मऊ, स्पंजी लागत असेल तर फ्लुइड उकळलंय. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅडचं अस्तर तापमानाच्या पलीकडे गेलंय. या दोन वेगळ्या आजारांवर एकच औषध करणारे पुष्कळ आहेत. डॉट ४ फ्लुइड कोरडं असताना निदान २३० अंशाला उकळतं, ओलावा शोषला की ती मर्यादा १५५ पर्यंत उतरते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात अर्धी वापरलेली बाटली कपाटात ठेवून पुढच्या इव्हेंटला वापरणं म्हणजे ओलावा विकत घेणं. दर इव्हेंटआधी सीलबंद बाटली फोडा, चारही चाकांतून जुनं पूर्ण काढा, उरलेलं टाकून द्या.

ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असलेल्या नव्या गाडीत आणखी एक गोम आहे. ईएसपी आणि त्याच्या जोडीची इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियलची व्यवस्था कोपऱ्यात आतलं पुढचं चाक घसरू लागलं की त्याला गुपचूप ब्रेक लावते. तुम्ही ॲक्सिलरेटरवर असता आणि ब्रेक गाडीच लावत असते. सेशननंतर पुढचे पॅड काढून मापले तर एका बाजूचा पॅड दुसऱ्यापेक्षा जास्त झिजलेला दिसतो. माणसं कॅलिपर जाम झाला समजून तो खोलत बसतात. बऱ्याच गाड्यांत बटण दाबल्यावर फक्त ट्रॅक्शन कंट्रोल बंद होतं, ईएसपी मागे जागं असतं. फ्यूज काढून ते मारायला गेलात तर एबीएसही जातो, ब्रेकचं पुढे-मागे वाटप बिघडतं आणि मागची चाकं आधी लॉक होतात. हा उद्योग करू नका.

टर्बोचं दुखणं हवेत आहे. एप्रिलमध्ये चेन्नईच्या इरुंगट्टुकोट्टईला ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकवर पहिले दोन लॅप गाडी वाघासारखी पळते, मग इंटेककडे जाणारी हवा तापते, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इग्निशन मागे ओढतो, बूस्ट कमी करतो आणि सरळ रस्त्यावर गाडी सुस्त वाटते. बिघाड काही नसतो. ती स्वतःला वाचवत असते. रीमॅप करून, म्हणजे ईसीयूचा प्रोग्रॅम बदलून, ते संरक्षण काढणारे ट्यूनर सर्रास भेटतात. पिस्टनची रिंग लँड (रिंगा बसतात ती कड) फुटली की मग फोन उचलत नाहीत. टर्बोला जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरा, एक जोरदार लॅप आणि एक गार लॅप अशा पाळीने चालवा, सेशन संपल्यावर इंजिन लगेच बंद करू नका. सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीची (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची) पोलो स्वस्तात मिळत असेल तरी ट्रॅकसाठी घेऊ नका, क्लच तापला की गाडी इशारा देऊन हात वर करते. तुमच्या यादीत मॅन्युअल आहे तेच बरोबर.

आता एक गोष्ट जी जुन्या गाडीच्या बाजूने फारसं कुणी सांगत नाही. एस्टीमला मागेही स्वतंत्र सस्पेन्शन आहे, चारही चाकांना स्ट्रट. स्विफ्ट, पोलो, बलेनो या सगळ्यांना मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारी एकच तुळई. म्हणजे एस्टीमचं मागचं टो (वरून बघताना चाकं आत की बाहेर वळलेली) बोल्ट सैल करून बदलता येतं, कॅम्बरही (समोरून बघताना चाकाचा कल) हलवता येतो. बीमच्या गाडीत हब आणि बीमच्या मध्ये पातळ तिरक्या चकत्या घालण्याखेरीज उपाय नाही. पुढचं चाक ओढणाऱ्या गाडीचा मुख्य आजार अंडरस्टिअर, म्हणजे स्टिअरिंग फिरवूनही नाक सरळ जाणं. मागचं टो शून्यावर आणलं, अगदी किंचित बाहेर केलं, की तिचं नाक कोपऱ्यात वळायला लागतं. सुरुवात मात्र शून्यापासून करा. मागे टो-आउट जास्त झालं तर ब्रेक मारत वळताना गाडी उलटी फिरते आणि नवखा ड्रायव्हर तिथे सावरू शकत नाही. पुढे अडीच ते तीन अंश निगेटिव्ह कॅम्बर हवा. स्ट्रटचं वरचं बोल्टचं भोक लांबट करून तो मिळतो, पण मग बोल्ट १०.९ ग्रेडचा आणि वॉशर जाड घ्या, नाहीतर कर्बवर आदळून सेटिंग सरकतं.

टायरच्या बाबतीत एस्टीमची पडती बाजू आहे. १३ इंची चांगले चिकट टायर आता मोजकेच, १५-१६ इंचीत निवड भरपूर. १४ इंची रिमवर जाणं हा मधला उपाय. पण आधी ज्या क्लासमध्ये (रेसच्या गटात) उतरणार त्याची नियमावली वाचा. रिमची रुंदी, टायरचा ब्रँड, इंजिनात काय चालतं आणि काय नाही, सगळं त्यात असतं आणि वर्षागणिक बदलतं. लायसन्स एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेकडून लागतं. गाडी आधी घ्यायची आणि मग क्लास शोधायचा, असं करणाऱ्यांच्या गाड्या शेडमध्ये धूळ खात पडतात.

जुन्या गाडीची दुखणी आता सविस्तर, कारण घेणार असाल तर तुमची गाठ त्यांच्याशीच आहे.

पहिलं गंज. एस्टीमचं उत्पादन २००७ला थांबलं, म्हणजे सर्वात तरुण गाडीही १५ वर्षांच्या पुढे गेली. रत्नागिरी, मालवण बाजूला राहिलेली गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडा. सांगली, सोलापूर, विजयपूर अशा कोरड्या भागातली शोधा. बघायला जाताना चुंबक आणि टॉर्च न्या. पुढच्या स्ट्रट टॉवरची वरची कड, दाराखालची सिल, जॅक लावायची जागा, लोअर आर्म जिथे बॉडीला बसतो तो भाग, मागच्या चाकाची कमान आणि पायाखालचा फ्लोअर. पातळ कापडात गुंडाळलेलं चुंबक जिथे धरत नाही तिथे पुट्टी आहे. जॅकवर उचला आणि दारं उघडझाप करून बघा. उचलल्यावर दार अडकत असेल तर बॉडी वाकते आहे, आणि तसल्या बॉडीला केज जोडून काही उपयोग नाही.

दुसरं इंजिन. गरम इंजिनवर, चारही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन घ्या. निरोगी इंजिन चौरस सेंटिमीटरला १४ किलोच्या जवळ दाखवतं. १२च्या खाली गेलेलं उघडायचंच आहे असं धरा. त्याहून महत्त्वाचं, चार सिलिंडरांत एकमेकांत एका किलोपेक्षा जास्त तफावत नको. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून परत मापा. आकडा वाढला तर रिंग, जैसे थे राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. हेड एकदा तापून वाकलेलं असणं या वयात अगदी नेहमीचं. स्ट्रेट एज ठेवून ०.०५ मिलिमीटरची फीलर पट्टी कुठे शिरते का पाहा. शिरली तर सरफेस करून घ्या. टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि पाण्याचा पंप एकदमच बदला, विकणारा काहीही सांगो.

इथे कोल्हापूरकरांना जे सुख आहे ते पुण्या-मुंबईतही सहज मिळत नाही. शिवाजी उद्यमनगरात बोअरिंग, होनिंग, व्हॉल्व्ह सीट कटिंग, हेड सरफेसिंग, फ्लायव्हील हलकं करून बॅलन्सिंग, सगळं चालत जाण्याच्या अंतरात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या पट्ट्यात तर कास्टिंगपासून हीट ट्रीटमेंटपर्यंत काय हवं ते. लोअर आर्मचे रबरी बुश काढून पॉलियुरेथेनचे टर्न करून घेणं हे लेथवरच्या माणसाचं दुपारचं काम. पण त्याला माप तुम्ही द्यायचं. बुश आर्ममध्ये प्रेस-फिट आणि आतली स्टीलची नळी मोकळी फिरली पाहिजे. दोन्हीकडे घट्ट केलं तर आर्म मोकळा हलत नाही आणि त्याची जोडणी तडकते. याच उद्यमनगरात पोलोचा ईसीयू किंवा एबीएस मॉड्यूल घेऊन गेलात तर पुढचा पत्ता पुणे किंवा बेंगळुरू. कोल्हापुरात बसून जुनी गाडी स्वस्त पडते ती यामुळे, तिची किंमत कमी आहे म्हणून नव्हे.

तेल न पोचणं ही रेसमध्ये इंजिन मरण्याची नेहमीची वाट. लांब कोपऱ्यात संपमधलं (इंजिनच्या तळाच्या टाकीतलं) तेल एका भिंतीवर चढतं, पिकअप म्हणजे पंपाची ओढनळी हवा ओढते, बिगएंडचे बेअरिंग काही सेकंदांत पुसले जातात. डॅशबोर्डवरचा लाल दिवा पेटेपर्यंत उशीर झालेला असतो. संपमध्ये पिकअपभोवती १.५-२ मिलिमीटर पत्र्याची आडवी पेटी वेल्ड करून घ्या, आत उघडणाऱ्या बिजागरीच्या झडपा लावा, तेलाची पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेला ठेवा. वेल्डनंतर संपमध्ये पाणी भरून गळती तपासा आणि स्लॅग ब्रशने साफ करा. आत राहिलेला एक कण ऑइल पंपाला पुरतो. प्रेशरचं खरं मीटर बसवा. गरम तेलावर दर हजार आरपीएमला ०.७ बार हा जुना ठोकताळा आजही चालतो.

पेट्रोलचा मुद्दा अलीकडचा आणि दुर्लक्षित. पंपावर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. २००५च्या गाडीचे रबरी फ्युएल होज, ओ-रिंग त्यासाठी बनलेले नाहीत. फुगतात, मग तडकतात, आणि रेस कारमध्ये ती गळती गरम एक्झॉस्टच्या शेजारी होते. सगळे होज ई२० चालणारे टाका, क्लॅम्पसकट. दुसरं, इथेनॉलला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलसाठी हवा-इंधनाचं आदर्श प्रमाण १४.७ ला १, ई२० चं साधारण १३.५ ला १. हलक्या पायावर ऑक्सिजन सेन्सर सांभाळून घेतो. पण थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर जुना ईसीयू ठरलेल्या तक्त्यावर चालतो, आणि मिश्रण सात-आठ टक्के पातळ जातं. रेसमध्ये तुम्ही बहुतेक वेळ पूर्ण थ्रॉटलवरच असता. वाइडबँड मीटर लावून लॅम्डा (१ म्हणजे आदर्श मिश्रण, त्याखाली पेट्रोल जास्त) ०.८६ ते ०.८८ मध्ये आहे ना ते बघा. नसेल तर फ्युएल प्रेशर थोडं वाढवणं हा सर्वात साधा इलाज. कार्ब्युरेटरच्या गाडीत आणखी एक मेख आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, चेन्नई किनाऱ्यावर. इथे बरोबर बसवलेला जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तिथल्या दाट हवेत अडीच-तीन टक्के पातळ चालतो. एक माप मोठा जेट खिशात ठेवा.

केजवर काटकसर करू नका. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या मापाप्रमाणे मुख्य हूप (ड्रायव्हरच्या मागची मोठी कमान) ४५ मिलिमीटर व्यास आणि २.५ जाडी, किंवा ५० आणि २.०. बाकीचे पाइप ३८ आणि २.५, किंवा ४० आणि २.०. पाइप कोल्ड ड्रॉन सीमलेस कार्बन स्टीलचा, ताणशक्ती किमान ३५० मेगापास्कल. बाजारात 'हेवी' म्हणून विकला जाणारा शिवणीचा पाइप फॅब्रिकेशनच्या दुकानात छान दिसतो, पलटी झाल्यावर शिवणीवर उघडतो. पाइपसोबत मिल टेस्ट सर्टिफिकेट मागा. बॉडीवरची प्लेट किमान ३ मिलिमीटर जाड, १२० चौरस सेंटिमीटर, आणि बोल्टने जोडत असाल तर पायागणिक कमीत कमी तीन एम८, ८.८ ग्रेड. वेल्ड पाइपच्या पूर्ण परिघावर झालं पाहिजे, पण छताखाली वेल्डिंगची टॉर्च पोचत नाही म्हणून वरची बाजू अर्धी सोडलेली दिसते. युक्ती अशी की पायांच्या जागी फ्लोअरला भोकं पाडून केज खाली उतरवायचा, वरचं वेल्ड पूर्ण करायचं, मग उचलून खाली प्लेटा बसवायच्या. वेल्डर हे करायला तयार नसेल तर वेल्डर बदला. आधी सीटवर हेल्मेट घालून बसा आणि मगच पाइप वाकवायला द्या.

सहा लाखांची वाटणी माझ्या मते अशी: गाडीवर एकचतुर्थांशपेक्षा जास्त नको. केज, सीट, बेल्ट, हेल्मेट, सूट, अग्निशामक यांना जवळपास निम्मे. उरलेल्या पैशांत टायर, पॅड, एंट्री आणि वाहतूक. पोलो घेतली तर सगळं बजेट गाडीतच जातं आणि तुम्ही कंपनीच्या पॅडवर रेसला उभे राहता. सीट आणि बेल्ट सेकंडहँड घेताना एफआयएचं लेबल आणि त्यावरची तारीख बघा. मुदत साधारण पाच वर्षांची, ती संपली की स्क्रुटिनीला (रेसआधीच्या तपासणीला) परत पाठवतात. इन्शुरन्सच्या भरवशावर राहू नका, नेहमीच्या मोटार पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं. नव्या गाडीवर हा धोका किती रुपयांचा आहे ते एकदा मनाशी मोजा. एस्टीम भिंतीला लावली तर वाईट वाटतं, पोलो लावली तर हप्ते राहतात.

तयार झालेली गाडी पन्हाळ्याच्या घाटात किंवा हायवेवर 'जरा ताणून' बघू नका. पहिली चाचणी ट्रॅकवरच, दहा मिनिटांची, अर्ध्या वेगात. मग बोनेट उघडा आणि गळती बघा. चाकांचे नट टॉर्क रेंचने परत तपासा, एस्टीमला मॅन्युअलमधल्या आकड्यावर, पोलोच्या बोल्टना १२० न्यूटन-मीटर. टायर गार असताना २६ पीएसआय ठेवून निघालात तर गरम ३१-३२ला जातात. हवा ट्रॅकवरून आल्या आल्या मापा.

इथून कोईम्बतूर किंवा चेन्नई दोन्ही हजार किलोमीटरच्या आसपास, तेव्हा ट्रेलरवर सुटे भाग घरूनच: पुढचे दोन ड्राइव्ह शाफ्ट, लोअर आर्म, व्हील बेअरिंग, क्लच प्लेट आणि केबल, पुढच्या डिस्क, दोन जोड पॅड, फॅन बेल्ट, रेडिएटर होज, थर्मोस्टॅट, हेड गॅस्केट, दोन लिटर फ्लुइड, चार लिटर तेल. रेडिएटरमध्ये साधं स्वच्छ पाणी आणि गंजरोधक पुरतं. ग्लायकॉल सांडलं तर ट्रॅक निसरडा होतो आणि आयोजक तुमच्यामुळे सेशन थांबवतात. गाडीचं आरसी ट्रेलर चालवणाऱ्याकडे द्या, निपाणीच्या पुढे चेकिंगला ते मागतात.